क्रूझची सुट्टी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रूझहून परतल्यावर फोटो दाखवायला बसावं, तर कौतुकाच्या आधी प्रश्न येतात, आणि ते फिरून फिरून तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. सुरुवात सोप्या प्रश्नांनी आहे, किचकट प्रकरणं शेवटाकडे. नियम कंपनीगणिक बदलतात, त्यामुळे तिकिटासोबत येणारा करार एकदा तरी वाचा. आणि एक गोष्ट आधीच सांगतो. हॉटेल तुमची वाट बघतं, जहाज बघत नाही. खालचे निम्मे प्रश्न जहाजाला हॉटेल समजल्यामुळेच आलेले आहेत.

१. क्रूझच्या भाड्यात नेमकं काय काय येतं?

केबिन, मुख्य रेस्टॉरंट आणि बुफेमधलं जेवण, साधं पाणी आणि चहा-कॉफी, संध्याकाळचे शो, पोहण्याचे तलाव, जिम, मुलांचा क्लब एवढं बहुतेक जहाजांवर धरलेलं असतं. दारू, शीतपेयं, खास रेस्टॉरंट्स, इंटरनेट, स्पा, किनाऱ्यावरच्या सहली, जहाजावरचा डॉक्टर आणि फोटोग्राफरने तुम्हाला गाठून काढलेले फोटो यांचे पैसे वेगळे. टिपसाठी प्रश्न ११ पाहा.

जाहिरातीतला आकडा माणशी असतो आणि तोही दोघांनी एक केबिन घेतली असं धरून. छोट्या, महाग जहाजांवर वरच्या यादीतलं बरंच काही आत असतं. म्हणून दोन क्रूझची तुलना करताना वरचे खर्च मिळवून मगच आकडे शेजारी ठेवा.

२. मोठं जहाज घ्यावं की छोटं?

जहाजाचा आकार ग्रॉस टनेजमध्ये सांगतात. नाव ऐकून वजन वाटतं, पण हे आतल्या जागेचं माप आहे. १९१२ मध्ये बुडालेलं टायटॅनिक सुमारे ४६,००० टनांचं होतं. २०२४ मध्ये प्रवास सुरू केलेलं ‘आयकॉन ऑफ द सीज’ २,४८,६६३ टनांचं आहे, म्हणजे पाचपटीहून मोठं.

मोठ्या जहाजावर करायला खूप काही असतं, मुलं खूश राहतात, हेलकावेही कमी जाणवतात. पण सगळ्या बंदरांत त्यांना जाता येत नाही. व्हेनिसच्या मध्यातून जाणाऱ्या ज्युडेक्का कालव्यात ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या क्रूझ जहाजांना बंदी आहे. त्यामुळे ‘व्हेनिस’च्या नावाने विकलेल्या कितीतरी क्रूझ मार्गेरा, ट्रिएस्ट किंवा राव्हेन्नाहून सुटतात.

गर्दीचा अंदाज घ्यायची युक्ती सोपी आहे. टनेजला प्रवासीसंख्येने भागा. आयकॉनवर एका केबिनमध्ये दोन या हिशेबाने ५,६१० प्रवासी मावतात, म्हणून उत्तर ४४ च्या आसपास येतं. पन्नासच्या पुढे ऐसपैस, तिशीत आलात की बुफेत ताट हातात घेऊन जागा शोधावी लागते.

३. केबिन कोणती घेऊ? बाल्कनीचे जास्तीचे पैसे वसूल होतात का?

मार्गावर अवलंबून आहे. अलास्का किंवा नॉर्वेच्या फ्योर्डमधून (डोंगरांमध्ये आत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद फाट्यांतून) जाताना जहाज डोंगरांच्या कुशीतून सरकतं, तिथे बाल्कनी हवीच. रोज नवं बंदर असेल, तर तुम्ही दिवसभर बाहेर आणि रात्री दमून झोपलेले. मग बाल्कनीत ओला टॉवेल वाळत घालण्यापलीकडे काही होत नाही.

आतल्या, बिनखिडकीच्या केबिनला लोक उगाच घाबरतात. सगळ्यात स्वस्त, आणि झोप उत्तम. अडचण एवढीच की सकाळ झाली हे कळत नाही. बऱ्याच जहाजांवर टीव्हीला एक चॅनल जहाजाच्या पुढच्या कॅमेऱ्याचं असतं. आवाज बंद करून ते चालू ठेवा, उजाडलं की खोलीत उजेड येतो.

केबिनच्या प्रकाराइतकीच तिची जागा महत्त्वाची, आणि ती बघायची राहून जाते. डेकचा नकाशा उघडा आणि आपल्या केबिनच्या वर-खाली काय आहे ते पाहा. वर तलावाचा डेक असेल, तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. खाली नाट्यगृह किंवा नाचाची जागा असेल, तर मध्यरात्रीपर्यंत ठेका. वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असलेली केबिन सगळ्यात शांत. ‘गॅरंटी’ प्रकारात केबिन स्वस्त मिळते, पण तुमच्यासाठी ती कंपनी निवडते. ज्यांची झोप सावध आहे त्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

४. मला गाडी लागते. मग बोटही लागेल का?

लागेलच असं नाही, पण तयारीने जा. जहाज दोन तऱ्हांनी हलतं: कुशीवर डोलतं आणि पुढे-मागे खाली-वर होतं. डोलणं कमी करायला मोठ्या जहाजांना पाण्याखाली पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात. पुढे-मागे होण्यावर मात्र त्यांचा फारसा उपाय चालत नाही. सी-सॉ डोळ्यांपुढे आणा. टोकं सगळ्यात जास्त हलतात, मधला भाग जवळजवळ स्थिर. म्हणून ज्यांना त्रास होतो त्यांनी जहाजाच्या मधोमध आणि खालच्या डेकवर केबिन घ्यावी. अगदी पुढची, वरच्या मजल्यावरची केबिन म्हणजे पाळणा.

औषध मळमळ सुरू होण्याआधी घ्यायचं असतं, नंतर ते पोटात टिकतच नाही. मेक्लिझिन किंवा डायमेनहायड्रिनेटच्या गोळ्या आणि कानामागे लावायची स्कोपोलामिनची पट्टी हे नेहमीचे पर्याय. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी आणि वयस्कांनी यातलं काहीही डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. गोळ्यांनी गुंगी येते, त्यावर दारू नको. काहींना आल्याने बरं वाटतं. त्रास सुरूच झाला तर उघड्या डेकवर या आणि क्षितिजाकडे नजर लावा. केबिनमध्ये पडून मोबाइल बघणं हा सगळ्यात वाईट उपाय, आणि नेमका तोच सगळे करतात.

५. बुकिंग आधी करावं की शेवटच्या क्षणी स्वस्त मिळतं?

शाळेच्या सुट्ट्या, अलास्का, चौघांची केबिन किंवा ठरावीक जागा हवी असेल तर वर्षभर आधी. जानेवारी ते मार्च हा कंपन्यांचा सवलतींचा मोसम असतो. उरलेली रक्कम भरायची मुदत साधारण तीन महिने आधी संपते. त्या सुमारास रद्द झालेल्या केबिन परत विक्रीला येतात आणि कधीकधी खरंच स्वस्त मिळतात. पण व्हिसा लागणार असेल, तर शेवटच्या क्षणाची सवलत तुमच्या काय कामाची?

६. मी जहाजावरच राहणार, शहरात फक्त चार तास उतरणार. तरी व्हिसा लागतो का?

बहुतेक वेळा लागतो. काही देश क्रूझ प्रवाशांना दिवसभरासाठी सूट देतात, पण ती तुमच्या पासपोर्टच्या देशावर ठरते. कागद अपुरे असतील तर सुरुवातीच्या बंदरातच चढू देत नाहीत, पैसेही परत मिळत नाहीत. ‘उतरणारच नाही’ हा युक्तिवाद काउंटरवर चालत नाही.

इथे एक जागा फसवी आहे. शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) एकदाच प्रवेशाचा आहे आणि जहाज इटलीहून निघून तुर्कस्तान किंवा माँटेनेग्रोला जाऊन परत ग्रीसला येतं, तर तो दुसरा प्रवेश झाला. अशा मार्गाला अनेकदा प्रवेशाचा व्हिसा हवा. जुनी माहिती वाचून जाऊ नका. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, त्याआधीचे सल्ले आता लागू नाहीत. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने चालेल असा ठेवा.

७. जहाज संध्याकाळी सुटतं. त्याच दिवशी सकाळी विमानाने पोचलं तर चालेल ना?

चालतं, आणि एके दिवशी चालत नाही. चेक-इन जहाज सुटण्याच्या तास-दीड तास आधीच बंद होतं. विमानाला उशीर झाला किंवा बॅग दुसऱ्या विमानात गेली, तर जहाज पुढे आणि तुम्ही मागे. मध्येच पुढच्या बंदरात गाठणं नेहमी शक्य नसतं (प्रश्न २४). एक दिवस आधी पोचा. त्या हॉटेलचं भाडं म्हणजे सगळ्यात स्वस्त विमा.

८. पहिल्या दिवशी सामान कधी मिळतं?

मोठ्या बॅगा बंदरावरच हमालांकडे द्यायच्या असतात. त्यांना केबिन क्रमांकाचे टॅग लावलेले हवेत. बॅगा दुपारपासून ते रात्री जेवणाच्या वेळेपर्यंत कधीही केबिनच्या दाराशी येतात. केबिनही सहसा दुपारी एक-दोनच्या सुमारास उघडतात. तोवर लागेल ते सगळं हातातल्या पिशवीत ठेवा: पासपोर्ट, औषधं, चार्जर, पोहण्याचे कपडे, लहान मुलांचं सामान. पासपोर्ट मोठ्या बॅगेत टाकून ती हमालाकडे देणारा एक तरी गृहस्थ दर फेरीला असतो. त्याची बॅग हजारोंच्या ढिगातून शोधेपर्यंत बाकीचे जेवून मोकळे.

९. बॅगेतून काय न्यायचं नाही?

इस्त्री, कपड्यांचा स्टीमर, किटली, मेणबत्ती, उदबत्ती, ड्रोन आणि सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक वाढलेला दाब अडवणारा भाग) असलेली एक्स्टेन्शन कॉर्ड. शेवटची वस्तू लोकांना पटत नाही, पण जहाजाच्या वीजव्यवस्थेत ती पेटू शकते. समुद्रात सगळ्यात मोठी भीती आगीची. २००६ मध्ये ‘स्टार प्रिन्सेस’वर बाल्कन्यांना आग लागली, आणि न विझवता टाकलेली सिगारेट हेच तिचं बहुधा कारण होतं असं चौकशीत निघालं. तेव्हा बाल्कनीत सिगारेट ओढण्यावरून कर्मचारी टोकतात तेव्हा रागावू नका.

न्यावं असं काय? सर्ज प्रोटेक्टर नसलेला यूएसबी चार्जर, प्लगचा अडॅप्टर आणि चार-सहा लोहचुंबकाचे हुक. केबिनच्या भिंती बहुधा धातूच्या असतात, हुक पटकन चिकटतात आणि टोप्या, पिशव्या, ओले कपडे यांची सोय होते.

१०. मस्टर ड्रिलला, म्हणजे आणीबाणीच्या सरावाला, गेलंच पाहिजे का? सगळं माहीत आहे मला.

गेलंच पाहिजे. न जाणाऱ्याला उतरवायचा अधिकार कॅप्टनला असतो. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आपटलं आणि ३२ जणांचा जीव गेला. त्याच संध्याकाळी चिव्हितावेक्किया बंदरात चढलेल्या प्रवाशांचा सराव तोवर झालेलाच नव्हता, कारण तेव्हा नियम चढल्यापासून २४ तासांच्या आत घेण्याचा होता. १ जानेवारी २०१५ पासून हा सराव जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्या सुटल्या घ्यावा लागतो.

आता पुष्कळ जहाजांवर चित्रफीत फोनवर किंवा केबिनच्या टीव्हीवर बघून, नेमून दिलेल्या जागी जाऊन फक्त कार्ड दाखवायचं असतं. सात आखूड भोंगे आणि एक लांब भोंगा म्हणजे आणीबाणी. केबिनपासून आपल्या मस्टर स्टेशनपर्यंत, म्हणजे त्या नेमून दिलेल्या जागेपर्यंत, एकदा जिन्याने चालत जा. लिफ्ट त्या वेळी वापरायची नसते.

११. टिप आपोआप कापतात म्हणे. ती बंद करता येते का? आणि बिलाचं कसं?

बऱ्याच कंपन्या माणशी, दर दिवसाची ठरावीक टिप खात्यात टाकतात, लहान मुलांचीही. काही कंपन्या ती भाड्यातच धरतात, तेव्हा आधी आपल्या करारात बघा. गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जाऊन ती कमी करता किंवा काढता येते. माझं मत विचाराल तर काढू नये. ही रक्कम तुमची खोली आवरणाऱ्यापासून पडद्यामागे ताटं धुणाऱ्यापर्यंत वाटली जाते आणि त्यांच्या कमाईचा मोठा भाग तीच असते. कुणी खास मदत केली असेल तर वरून हातात द्या. बारवरच्या बिलात १८ ते २० टक्के सेवाशुल्क आधीच धरलेलं असतं. पावतीवर ‘अतिरिक्त टिप’ची ओळ कोरी ठेवली तर कुणी वाईट वाटून घेत नाही.

जहाजावर रोख चालत नाही. सगळं केबिनच्या कार्डावर लिहिलं जातं आणि शेवटी तुमच्या बँकेच्या कार्डातून वजा होतं. तिथे डेबिट कार्ड देऊ नका. कंपनी अंदाजे रक्कम अडकवून ठेवते, आणि डेबिट कार्ड असेल तर तुमचे खरे पैसे कित्येक दिवस अडकतात. ‘तुमच्या चलनात बिल हवं का?’ असं विचारलं तर नको म्हणा, त्यांचा विनिमय दर त्यांच्या सोयीचा असतो. आणि बिल शेवटच्या रात्री बघू नका, एक दिवस आधी बघा. शेवटच्या सकाळी काउंटरवरची रांग नाट्यगृहापर्यंत गेलेली असते.

१२. ड्रिंक पॅकेज घ्यावं का?

दिवसाच्या पॅकेजची किंमत भागिले एका ग्लासाची किंमत, एवढं गणित करा. उत्तर सहा-सातच्या घरात येतं. रोज तेवढं पिणार आहात का, आणि ज्या दिवशी सकाळी आठ ते संध्याकाळी पाच बाहेर असाल त्या दिवसाचं काय? शिवाय एकाने घेतलं तर त्या केबिनमधल्या सगळ्या प्रौढांनी घ्यावं अशी बहुतेकांची अट असते, आणि काही कंपन्या दिवसाला १५ दारूच्या ग्लासांवर थांबवतात. समुद्रातच जास्त दिवस असलेल्या फेरीला परवडू शकतं. फक्त कॉफी आणि शीतपेयं पिणाऱ्यांसाठी वेगळी, स्वस्त पॅकेजेस असतात.

१३. समुद्रात फोन चालतो का?

चालतो, आणि तीच भीती आहे. किनारा दूर गेला की फोन जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला आपणहून जोडला जातो. ते तुमच्या नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये बहुधा नसतं. चढताक्षणी एअरप्लेन मोड, मग फक्त वाय-फाय. फोन खिशात ठेवून न वापरताही पार्श्वभूमीत फोटो चढत राहतात आणि बिल येतं.

जहाजाचं इंटरनेट विकत घ्यावं लागतं, दर उपकरणामागे. २०२२ नंतर अनेक कंपन्यांनी स्टारलिंकचं उपग्रह इंटरनेट बसवल्यापासून वेग खूप सुधारला आहे. घरच्यांशी जहाजावर बोलायला बहुतेक कंपन्यांचं ॲप जहाजाच्या वाय-फायवर विनामूल्य चालतं. ते आणि नकाशे घरूनच उतरवून घ्या.

१४. जहाजाची वेळ आणि स्थानिक वेळ वेगळी असते?

असू शकते. काही जहाजं प्रत्येक बंदराप्रमाणे घड्याळ बदलतात, काही संपूर्ण फेरीत एकच वेळ पाळतात. ‘सगळे परत’ची वेळ नेहमी जहाजाच्या घड्याळाची. फोन मात्र किनाऱ्यावर उतरताच स्थानिक वेळ दाखवायला लागतो. मी स्वतः एकदा एका बेटावर फोनकडे बघत आरामात बसलो होतो, अजून तास आहे म्हणून. शेजारच्या टेबलावरचे सगळे उठून गेले तेव्हा शंका आली. शिडी काढायच्या बेतात असताना पोचलो. तेव्हापासून जहाजाच्या वेळेला लावलेलं साधं मनगटी घड्याळ घालतो.

१५. किनाऱ्यावरची सहल कंपनीची घ्यावी की आपली आपण?

स्वतःची सहल स्वस्त आणि मोकळी, बसमध्ये पन्नास जणांची वाट बघायला नको. कंपनीच्या सहलीचा खरा फायदा एकच: तिला उशीर झाला तर जहाज थांबतं, किंवा पुढच्या बंदरापर्यंत पोचवायची जबाबदारी कंपनीची. माझा नियम अंतराचा आहे. गाव बंदराला लागून असेल तर स्वतः फिरा. दीड-दोन तास आत जायचं असेल, वाटेत एकच रस्ता किंवा एकच रेल्वे असेल, तर कंपनीची घ्या. स्वतः गेलात तर दिलेल्या वेळेच्या किमान दीड तास आधी बंदरावर परत या.

१६. आणि तरीही जहाज चुकलं तर?

प्रवासी परतायची वेळ सहसा सुटण्याच्या अर्धा तास आधीची असते, काही ठिकाणी त्याहूनही आधीची. तिच्यापुढे तुम्ही कंपनीच्या भरवशावर नाही. धक्क्यावरून जीव मुठीत धरून धावणारे लोक आणि वरच्या डेकवरून टाळ्या वाजवणारे प्रवासी हा जवळजवळ प्रत्येक बंदराचा तमाशा आहे.

चुकलंच तर बंदरातला कंपनीचा पोर्ट एजंट गाठा. त्याचं नाव आणि फोन जहाजाच्या रोजच्या पत्रकात छापलेला असतो. म्हणूनच उतरताना त्या पत्रकाचा फोटो काढून ठेवायचा. तुम्ही आला नाहीत हे दिसल्यावर कर्मचारी अनेकदा केबिनच्या तिजोरीतून पासपोर्ट काढून एजंटकडे ठेवून जातात, पण त्यावर विसंबू नका. पासपोर्टची प्रत, एक कार्ड आणि दिवसभराची औषधं अंगावर ठेवा. पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च तुमचा.

१७. क्रूझच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘रोम’ लिहिलंय. जहाज रोमला लागतं?

रोमला समुद्र नाही. जहाज चिव्हितावेक्कियाला लागतं, तिथून रोम सुमारे ७० किलोमीटर. ‘पॅरिस’ म्हणजे ल हाव्र, जवळपास २०० किलोमीटर. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो, ‘बँकॉक’ बहुधा लाएम चाबांग, ‘लंडन’ साउथॅम्प्टन. बंदराचं खरं नाव शोधा, जाण्यायेण्याचा वेळ वजा करा, मग काय बघायचं ते ठरवा. ल हाव्रहून पॅरिस गाठायचा हट्ट धरलात तर दिवसाचा मोठा भाग बसच्या खिडकीतून दिसतो. त्याच वेळात नॉर्मंडीतलं ओंफ्लर निवांत पाहून होतं.

१८. ‘टेंडर पोर्ट’ म्हणजे काय?

जिथे धक्का नाही किंवा पुरेसा खोल नाही, तिथे जहाज नांगर टाकून दूर उभं राहतं आणि लहान बोटींनी माणसं नेतात. सँटोरिनी, ग्रँड केमन ही ठरलेली उदाहरणं. सकाळी टोकन घ्यावं लागतं, कंपनीच्या सहलीवाल्यांना आधी सोडतात आणि परतीची शेवटची बोट जहाज सुटण्याच्या बरीच आधी असते. सँटोरिनीत तर बोटीतून उतरल्यावर वर ‘फिरा’ नावाच्या गावात जायला केबल कार किंवा जवळपास ६०० पायऱ्या. दुपारी केबल कारची रांग तासाच्या वर जाते.

व्हीलचेअर किंवा गुडघ्यांचा त्रास असेल तर बुकिंगच्या आधीच मार्गात किती टेंडर पोर्ट आहेत ते विचारा. हलत्या बोटीत पाऊल टाकावं लागतं, आणि समुद्र खवळलेला असेल तर व्हीलचेअर नेऊ देत नाहीत.

१९. बंदर रद्द झालं तर पैसे परत मिळतात का?

त्या बंदराचा कर आणि कंपनीकडून घेतलेली सहल, एवढं परत येतं. भाडं नाही. वारा, लाटा, आजारी प्रवासी यांपैकी कशामुळेही मार्ग बदलायचा अधिकार कॅप्टनला आहे आणि करारात तुम्ही तो मान्य केलेला असतो. टेंडर पोर्ट सगळ्यात आधी गळतात. अटलांटिकचा वादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यात कॅरिबियनची क्रूझ स्वस्त मिळते ती याचसाठी. स्वतः ठरवलेल्या सहलीला ‘जहाज आलं नाही तर पैसे परत’ ही अट आहे ना, ते आधी बघा.

२०. जहाजावर पोटाची साथ येते असं ऐकलं. काय काळजी घ्यावी?

तो नोरोव्हायरस. तो जहाजावरच जन्मत नाही, शाळा-हॉस्पिटलांतही फिरतो, पण जहाजावर माणसं दाटीने राहतात आणि एकाच बुफेचे चमचे हाताळतात. दारात ठेवलेल्या अल्कोहोलच्या सॅनिटायझरने तो फारसा मरत नाही. साबण आणि पाण्याने वीस सेकंद हात धुणं हाच उपाय, आणि तो बुफेतलं ताट घेण्याआधी, तसंच सगळ्यांनी हाताळलेले चमचे धरून झाल्यावर खाण्याआधीही. त्रास झाला तर लपवू नका, वैद्यकीय कक्षाला कळवा. एक-दोन दिवस केबिनमध्ये राहावं लागेल, पण शेजारचे वाचतील.

अमेरिकेच्या बंदरांना लागणाऱ्या जहाजांची तिथली रोगनियंत्रण संस्था सीडीसी अचानक तपासणी करते आणि शंभरपैकी गुण जाहीर करते. ८५ किंवा कमी म्हणजे नापास. आपल्या जहाजाचे गुण बुकिंगआधी बघायला दोन मिनिटं लागतात.

२१. डॉक्टर असतो ना? मग विमा कशाला? गरोदरपणात किंवा बाळाला घेऊन जाता येतं का?

डॉक्टर असतो, पण त्याचं बिल खात्यात पडतं आणि ते घसघशीत असतं. घरचा आरोग्य विमा तिथे बहुधा चालत नाही. खरा खर्च मात्र रुग्णाला जहाजावरून हलवायचा. म्हणून प्रवास विम्यात ‘मेडिकल इव्हॅक्युएशन’ हे शब्द आहेत का आणि क्रूझ धरली आहे का, हे शोधा. आधीपासूनचे आजार फॉर्मवर लपवू नका. दावा नेमका तिथेच फेटाळला जातो.

फेरीच्या शेवटापर्यंत गर्भारपणाचा चोविसावा आठवडा लागत असेल, तर बहुतेक कंपन्या चढू देत नाहीत. तारीख बुकिंगच्या दिवसाची धरत नाहीत, उतरायच्या दिवसाची धरतात. त्याआधी डॉक्टरांचं पत्र लागतं. बाळ साधारण सहा महिन्यांचं हवं. महासागर ओलांडणाऱ्या किंवा सलग अनेक दिवस समुद्रात असणाऱ्या फेऱ्यांना वर्षाचं.

२२. कपडे काय न्यावेत? सूट हवाच का?

बहुतेक जहाजांवर नको. एक-दोन ‘फॉर्मल’ संध्याकाळी असतात, त्या रात्री बुफेत नेहमीच्या कपड्यांत जेवता येतं. एसीसाठी एक गरम कपडा, रबरी तळाचे बूट आणि डेकवरच्या वाऱ्यासाठी विंडचीटर पुरे. एक विचित्र पण खरा नियम: बार्बाडोस, सेंट लुशिया, जमैका अशा काही कॅरिबियन देशांत लष्करी ठिपक्यांचे कपडे नागरिकांनी घालणं बेकायदा आहे, मुलांनीसुद्धा. सनस्क्रीनचंही बघा. प्रवाळाला घातक म्हणून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट असलेली क्रीम हवाईत २०२१ पासून विकता येत नाहीत.

२३. एकट्याने गेलं तर दुप्पट पैसे का?

कंपनी केबिन विकते आणि दर दोघांचा धरते. म्हणून एकट्याकडून बऱ्याचदा दोघांचं भाडं घेतात. काही नव्या जहाजांवर एकट्यासाठी लहान केबिन असतात, पण त्या मोजक्या आणि लवकर संपणाऱ्या. वसंत आणि शरद ऋतूत जहाजं एका समुद्रातून दुसऱ्यात हलवतात, त्या एकमार्गी फेऱ्यांत एकट्याला बरे दर मिळतात. समुद्रात सलग सहा-सात दिवस जातात, ज्यांना पुस्तक आणि खुर्ची पुरते त्यांच्यासाठी उत्तम. युरोपहून अमेरिकेकडे जाणारी घ्या. पश्चिमेला जाताना बऱ्याच रात्री तासभर जास्त झोपायला मिळतं, उलट दिशेने तोच तास चोरला जातो.

२४. एक बंदर आधी उतरलं किंवा एक बंदर उशिरा चढलं तर चालेल का?

न विचारता अजिबात नाही. परवानगीसाठी आठवडे आधी लिहावं लागतं, कारण प्रत्येक बंदरात इमिग्रेशनची सोय नसते.

अमेरिकेत तर कायदाच आडवा येतो. १८८६ च्या प्रवासी जहाज कायद्याने परदेशी ध्वजाच्या जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी नेऊन सोडता येत नाहीत, मध्ये दूरचं परदेशी बंदर लागल्याशिवाय. बहुतेक मोठी क्रूझ जहाजं बहामा, पनामा, माल्टा अशा देशांच्या ध्वजाखाली असतात. सिएटलला चढून तुम्ही अलास्कातल्या जुनोला कायमचे उतरलात, तर कंपनीला दंड होतो आणि ती तो तुमच्याकडून वसूल करते. सिएटलहून सुटून तिथेच परतणारी अलास्काची जहाजं कॅनडातल्या व्हिक्टोरियाला कधीकधी रात्री काही तासांपुरतीच का थांबतात, याचं उत्तरही इथेच आहे. परत त्याच बंदरात येणाऱ्या फेरीलाही एक तरी परदेशी बंदर दाखवावं लागतं.

२५. शेवटच्या सकाळी काय होतं?

रात्री झोपण्यापूर्वी मोठ्या बॅगा रंगीत टॅग लावून दाराबाहेर ठेवायच्या, सकाळी त्या बंदरावर मिळतात. दुसऱ्या दिवसाचे कपडे आणि बूट आधी बाजूला काढा, मग बॅग भरा. हसू नका, माझ्या टेबलावरचे एक काका पायजम्यात आणि जहाजाच्या कापडी सपातांत कस्टम्समधून गेले. स्वतःच्या बॅगा स्वतः उचलू शकत असाल तर आधी उतरायला मिळतं. परतीचं विमान मात्र दुपारनंतरचंच घ्या.

बुफेतलं सफरचंद पिशवीत टाकून उतरू नका. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये त्यासाठी जागीच दंड होतो, मधल्या बंदरांतसुद्धा.

२६. आमची फेरी आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडते. एक दिवस कमी होतो की जास्त?

दिशेवर आहे. पश्चिमेला जाताना, म्हणजे हवाईहून न्यूझीलंडकडे, एक तारीख येतच नाही. सोमवारी झोपलात, बुधवारी उठलात. पूर्वेला जाताना तीच तारीख दोनदा येते. घड्याळाचं जे प्रश्न १४ मध्ये सांगितलं त्याहून हे वेगळं. इथे तास नाही, आख्खा वार बदलतो.

चूक होते ती औषधांत. पूर्वेकडच्या फेरीत १० तारखेला चढून २४ ला उतरणार असाल, तर तारखांच्या हिशेबाने १४ रात्री येतात, प्रत्यक्षात १५ असतात. म्हणजे गोळ्या एक दिवसाच्या जास्त लागतात. तिकिटावर रात्रींची संख्या छापलेली असते, ती धरा. हॉटेल आणि विमानाचं बुकिंग मात्र तारखेनेच. आणि घरातल्या कुणाचा वाढदिवस नेमका गाळलेल्या तारखेला येत असेल, तर जेवणाच्या टेबलावर वाढणाऱ्याला आदल्या रात्रीच सांगून ठेवा.